नवी बॅटरी, जुनाच त्रास: लॅपटॉपसाठी ओरिजिनल घ्यावी की कंपॅटिबल?

कोपऱ्यात ३४ टक्के दिसत होते आणि लॅपटॉप बंद पडला. आधी कसलीही सूचना नाही, स्क्रीन मंद होणं नाही, एकदम काळोख. अडॅप्टर लावून पुन्हा सुरू केला तेव्हा बॅटरी ६ टक्के दाखवत होती. आणि ही बॅटरी मी पाचच महिन्यांपूर्वी बदललेली होती.

माझं काम भाषांतराचं. दिवसाचे आठ-नऊ तास लॅपटॉपसमोर जातात आणि त्यातला बराच वेळ अडॅप्टरशिवाय. लॅपटॉपबरोबर आलेली मूळ बॅटरी चार वर्षं विनातक्रार चालली. तिच्या जागी घेतलेली कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेली, पाच महिन्यांत गेली. मग ‘या वेळी ओरिजिनलच’ असं ठरवून घेतलेली सात महिन्यांत गेली. त्यानंतरची बॅटरी बसवून आता दीड वर्ष झालं, ती अजून मूळ क्षमतेच्या ८९ टक्के धरून आहे, आणि ती ओरिजिनल नाही. अडीच वर्षांत तीन बॅटऱ्या बदलताना जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण ‘ओरिजिनल की कंपॅटिबल’ हा प्रश्न विचारण्याआधी आणखी दोन-तीन प्रश्न विचारायला हवेत. ते मी विचारले नाहीत, म्हणून तोच त्रास पुन्हा पुन्हा झाला.

आधी खात्री करा की दोष बॅटरीचाच आहे

विंडोज ८ पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करून एंटर दाबायचं. फाइल कुठे साठवली ते तिथेच दिसतं, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात तीन आकडे पाहायचे. डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती वीज मावायला हवी होती, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज किती मावते आणि सायकल काउंट म्हणजे किती पूर्ण फेऱ्या झाल्या. ५० टक्के वापर दोनदा झाला तरी तिथे एकच फेरी धरतात. मॅकबुकवर सिस्टिम इन्फर्मेशनमधल्या पॉवर या भागात फेऱ्या आणि बॅटरीची अवस्था दिसते. लिनक्सवर यूपॉवर हे साधन हीच माहिती देतं.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. उत्तर ८० टक्क्यांच्या वर असेल आणि तरीही बॅटरी टिकत नसेल, तर थांबा, नवी मागवू नका.

झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप सकाळी रिकामा मिळतो, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे. यात बहुतेक वेळा झोपेच्या अवस्थेतला खर्च असतो. आजकालचे बरेच लॅपटॉप झोपेत असतानाही नेटवर्कशी जोडलेले राहतात, मागे अपडेट घेत राहतात. एक रात्र लॅपटॉप पूर्ण शट डाउन करून ठेवा. सकाळी टक्के जवळपास तेवढेच असतील तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही, झोपेच्या सेटिंगकडे वळा.

चार्जिंग ८० किंवा ६० टक्क्यांवर येऊन थांबत असेल, तर आधी कंपनीच्या सेटिंगमध्ये बॅटरी जपण्याची सोय चालू आहे का ते पाहा. आयुष्य वाढावं म्हणून ती मुद्दाम दिलेली असते आणि कधी कधी अपडेटनंतर आपोआप चालू होते.

मग अडॅप्टर. चार्जिंग होतच नसेल किंवा कामाच्या वेळी जोडलेला असूनही टक्के उतरत असतील, तर अडॅप्टरचे वॅट मूळ अडॅप्टरइतके आहेत का ते तपासा. डेलच्या गोल पिनच्या अडॅप्टरमध्ये मधली बारीक पिन ओळख पटवण्यासाठी असते. ती वाकली किंवा आतली तार तुटली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नसल्याचा संदेश येतो. अशा वेळी बॅटरी कितीही बदलली तरी उपयोग नाही.

टक्क्यांच्या उड्या पडत असतील तर एकदा कॅलिब्रेशन करून बघायला हरकत नाही. १०० टक्के चार्ज करा, दोन तास तसंच जोडून ठेवा, मग बॅटरीवर चालवत ५ टक्क्यांपर्यंत उतरवा आणि न थांबता पुन्हा पूर्ण चार्ज करा. यामुळे बॅटरीच्या आतले सेल सुधारत नाहीत, फक्त मोजणी ताळ्यावर येते. यानंतरही लॅपटॉप ३०-४० टक्क्यांवर बंद पडत असेल तर सेल गेलेले आहेत.

३४ टक्क्यांवर बंद का पडतो

हे समजलं की बॅटरी निवडताना काय पाहायचं ते आपोआप कळतं, म्हणून इथे थोडी थांबते.

माझ्या लॅपटॉपच्या बॅटरी पॅकमध्ये सहा गोल सेल आहेत. त्यांना १८६५० म्हणतात आणि नावातच माप आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. दोन-दोन सेल शेजारीशेजारी जोडून तीन जोड्या केलेल्या असतात आणि त्या जोड्या एकीपुढे एक लावलेल्या असतात. एका सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६, तीन जोड्यांचा १०.८. लेबलावरचा १०.८ व्होल्ट हा आकडा तिथून येतो. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टवर असतो, रिकामा होत आला की ३ च्या आसपास येतो. पातळ लॅपटॉपमध्ये गोल सेलऐवजी चपटे, पाकिटासारखे पाउच सेल असतात, पण मांडणीचं तत्त्व तेच.

सेलच्या बाजूला बोटभर रुंदीचा एक सर्किट बोर्ड असतो. तो प्रत्येक जोडीचा व्होल्टेज वेगळा मोजतो, तापमान पाहतो, आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली त्याचा हिशेब ठेवतो. आपल्याला दिसणारे टक्के हा त्या हिशेबाचा निष्कर्ष. तीनपैकी एक जरी जोडी सुरक्षित मर्यादेच्या खाली गेली, तरी तो बोर्ड सगळा पुरवठा तोडतो. बाकीच्या दोन जोड्यांत कितीही शिल्लक असो.

कमी प्रतीच्या किंवा जुन्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज बाहेर पडताना सेलच्या आतच होणारा अडथळा, जास्त असतो. मी नुसतं टाइप करत असते तेव्हा लॅपटॉप १० वॅटच्या आसपास घेतो आणि काही जाणवत नाही. व्हिडिओ कॉल सुरू झाला, पंखा जोरात फिरू लागला, की मागणी ३५-४० वॅटवर जाते. म्हणजे ११ व्होल्टच्या पॅकमधून साडेतीन अँपिअर. त्या क्षणी सगळ्यात कमजोर जोडीचा व्होल्टेज खाली बसतो, बोर्ड तोडतो आणि अंधार. माझा लॅपटॉप नेमका कॉलच्या मधेच का जायचा, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला पडताळून पाहायचं असेल तर ४० टक्क्यांवर असताना सगळं बंद करून फक्त एखादा मजकूर उघडा ठेवा. असा तो १० टक्क्यांपर्यंत शांतपणे उतरला आणि जड कामात मात्र ३०-३५ वर पडला, तर सेलचा रोध वाढलाय.

पॅक किती मिलिअँपिअर-तासांचा आहे एवढं पाहून बॅटरी घेणाऱ्याला ही बाजू दिसतच नाही. सेल नवा आहे का आणि जोड्यांमधले सेल एकसारखे आहेत का, यावर सगळं अवलंबून असतं आणि लेबलावर यातलं काहीही छापलेलं नसतं.

बाजारात प्रकार दोन नाहीत, तीन आहेत

ओरिजिनल म्हणजे लॅपटॉप कंपनीने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या पार्ट नंबरवर दिलेली. आतले सेल लॅपटॉप कंपनी स्वतः बनवत नाही, ते एलजी, सॅमसंग एसडीआय, पॅनासॉनिक अशा सेल बनवणाऱ्यांकडूनच येतात. त्यामुळे आतल्या रसायनात काही जादू आहे असं समजू नका. खरा फरक आहे तो निवडलेल्या सेलचा, त्या मॉडेलवर झालेल्या चाचणीचा आणि जबाबदारीचा. २००६ मध्ये डेलने सोनीचे सेल असलेले सुमारे ४१ लाख बॅटरी पॅक परत मागवले. सेल बनताना आत शिरलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांमुळे शॉर्ट सर्किट होऊन पेट घेण्याचा धोका होता. त्याच महिन्यात ॲपलनेही सुमारे १८ लाख पॅक परत बोलावले. २०१९ मध्ये ॲपलने १५ इंची मॅकबुक प्रोच्या काही जुन्या मशीनच्या बॅटऱ्या पुन्हा मागे घेतल्या. ओरिजिनल असूनही चूक होऊ शकते, हे यातून दिसतंच. पण सिरियल नंबरवरून शोधून ‘तुमची बॅटरी बदलून घ्या’ असं सांगणारं कुणीतरी होतं, आणि माझ्या लेखी ओरिजिनलची खरी किंमत त्यात आहे.

कंपॅटिबल म्हणजे दुसऱ्या कंपनीने स्वतःचं नाव छापून विकलेली, अमुक मॉडेलला चालते असं स्पष्ट सांगणारी. यात उत्तम ते टाकाऊ असं सगळं मिळतं. पण ती जे आहे तेच सांगते, खोटं नाव लावत नाही.

तिसरा प्रकार डुप्लिकेट: लॅपटॉप कंपनीचं नाव, लोगो, पार्ट नंबर, होलोग्राम सगळं छापलेली नक्कल. माझी सात महिन्यांत गेलेली ‘ओरिजिनल’ या जातीची होती. विक्रेत्याच्या पानावर ओरिजिनल लिहिलेलं होतं, खोक्यावर लोगो होता, मी पाहून समाधान मानलं. ती गेल्यावर सहज म्हणून तिचं आणि लॅपटॉपबरोबर आलेल्या जुन्या बॅटरीचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं. जुनी ३१८ ग्रॅम, ही २५२ ग्रॅम. चांगल्या १८६५० सेलचं वजन ४५ ते ४८ ग्रॅम असतं. सहा सेलच्या पॅकमध्ये ६६ ग्रॅम कमी म्हणजे एक तर सेल कमी होते किंवा प्रत्येकात माल कमी भरलेला होता. बॅटरीत वीज साठते ती पदार्थात, वजन कमी झालं की क्षमताही कमी होणारच. तेव्हापासून नवी बॅटरी हातात आली की आधी काट्यावर जाते.

या तिन्हींत माझा क्रम ठरलेला आहे. डुप्लिकेटपेक्षा प्रामाणिक कंपॅटिबल कधीही बरी. पहिल्या प्रकाराच्या किमतीत तिसरा प्रकार मिळण्याचा धोका अनोळखी विक्रेत्याकडे सगळ्यात जास्त, म्हणून ओरिजिनल घ्यायची तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून किंवा कंपनीच्या स्वतःच्या सुटे भाग विक्रीतून, नाहीतर घेऊच नये.

‘सीलबंद ओरिजिनल’चा सापळा

लॅपटॉप सहा-सात वर्षांचा झाला की त्याची बॅटरी कंपनी बनवणं थांबवते. मग बाजारात राहतो तो जुना साठा. ती खरोखर ओरिजिनल असते, सीलबंद असते आणि तरीही निरुपयोगी असू शकते. लिथियम-आयन सेल वापरला नाही तरी म्हातारा होत जातो. गोदामात उकाडा असेल आणि पॅक पूर्ण भरून ठेवलेला असेल तर आणखी लवकर. शिवाय आतला बोर्ड थोडी थोडी वीज खातच असतो. वर्षानुवर्षं पडून पॅक फार खाली गेला की सेलच्या आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि असा सेल नंतर चार्ज केला तर आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. चांगल्या बोर्डला हे कळतं आणि तो कायमचा कुलूपबंद होतो. म्हणूनच कधी कधी कोरी करकरीत बॅटरी ० टक्क्यांवरून हलतच नाही.

विक्रेत्याकडे एकच मागा: या पॅकवरच्या लेबलाचा फोटो, ज्यात उत्पादनाची तारीख वाचता येईल. वर्षभराच्या आतली असेल तर निश्चिंत घ्या. दोन वर्षांच्या पुढची असेल तर मी घेत नाही, नाव कुणाचंही असो.

लेबलावरचं गणित

मिलिअँपिअर-तासांवर दोन बॅटऱ्यांची तुलना करू नका, वॅट-तासांवर करा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. १०.८ व्होल्ट आणि ४४०० मिलिअँपिअर-तास म्हणजे ४७.५ वॅट-तास. लेबलावर वॅट-तास छापलेलेच नसतील तर ती बॅटरी बाजूला ठेवा. विमानप्रवासाच्या नियमातही हाच आकडा पाहतात: १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी चालते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते.

मग शक्य-अशक्य पाहा. मूळ बॅटरीच्याच आकाराची, सहा सेलची, पण ७८०० मिलिअँपिअर-तासांची अशी जाहिरात दिसते. जोडीत दोन सेल, म्हणजे प्रत्येक सेल ३९०० चा. १८६५० मापात चांगल्यातला चांगला सेल ३५०० च्या आसपास थांबतो. म्हणजे आकडा खोटा. तोच ७८०० चा आकडा नऊ सेलच्या, लॅपटॉपच्या मागे बाहेर आलेल्या जाड पॅकवर असेल तर खरा असू शकतो, कारण तिथे एका सेलच्या वाट्याला २६०० येतात. मला तर मूळ बॅटरीपेक्षा थोडी कमी क्षमता सांगणारा विक्रेता जास्त विश्वासाचा वाटतो.

व्होल्टेजबाबत मात्र अजिबात तडजोड नको. १०.८ आणि ११.१ हे एकाच मांडणीचे दोन आकडे आहेत, कुणी सेल ३.६ धरतं, कुणी ३.७. तसंच १४.४ आणि १४.८. ही अदलाबदल चालते. पण ११.१ च्या जागी १४.८ चालत नाही. आणि पातळ लॅपटॉपमध्ये याहून बारीक गोष्ट आहे. ७.६, ११.४, ११.५५, १५.२, १५.४ असे आकडे असतील तर आत जास्त व्होल्टेजवर चार्ज होणारे सेल आहेत, जे ४.२ ऐवजी ४.३५ ते ४.४ व्होल्टपर्यंत भरतात. अशा लॅपटॉपच्या कंपॅटिबल पॅकमध्ये कुणी साधे ४.२ वाले सेल घातले आणि ते त्या जास्त व्होल्टेजपर्यंत भरले गेले, तर ते फुगतात आणि त्यापुढचा धोका आगीचा आहे. म्हणून अशा मशीनसाठी लेबलावरचा व्होल्टेज दशांशापर्यंत जुळवा. जुन्या पॅकवर ११.५५ असेल आणि नव्यावर ११.१ असेल, तर ‘चालेल हो, सगळे घेतात’ या शब्दावर जाऊ नका.

नंबर जुळवताना लॅपटॉपचं मॉडेल पाहून भागत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन वेगळ्या बॅटऱ्या येतात. जुनी बॅटरी बाहेर काढा, तिच्यावरचा पार्ट नंबर उतरवून घ्या आणि कनेक्टरचा फोटो काढून ठेवा. सुरक्षा चाचणीच्या बाबतीत आयईसी ६२१३३ आणि वाहतुकीसाठी यूएन ३८.३ ही नावं लक्षात ठेवा. नुसता शिक्का छापणं सोपं आहे, म्हणून चांगला विक्रेता विचारल्यावर चाचणीचा अहवाल दाखवतो का ते पाहा.

लॅपटॉपने बॅटरी नाकारली तर

काही लॅपटॉप बॅटरीच्या बोर्डकडून ओळख मागतात. २०१२ च्या सुमारास आलेल्या लेनोव्होच्या थिंकपॅडपासून, म्हणजे टी४३० आणि एक्स२३० च्या पिढीपासून, ओळख न पटलेली बॅटरी चार्जच होत नाही आणि सुरू होताना तसा संदेश येतो. अशा मशीनसाठी कंपॅटिबल घ्यायची असेल तर तुमच्या नेमक्या मॉडेलवर ती चार्ज होते, असं विक्रेत्याकडून लेखी घ्या.

बॅटरी कालपर्यंत चालत होती आणि आज अचानक ओळखत नाही, असं असेल तर आधी साधा उपाय करा. लॅपटॉप बंद करा, अडॅप्टर काढा, बॅटरी काढा किंवा तिचं कनेक्टर सोडवा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा, मग पुन्हा जोडा. कनेक्टरचे पाय कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. बायॉसचं, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेट नुकतंच झालं असेल तर त्याचाही संबंध असू शकतो.

जुन्या खोक्यात नवे सेल भरून घेण्याचा पर्याय बरेच जण सुचवतात. मी त्यापासून दूर राहते. बोर्डला जुन्या सेलचा हिशेब पाठ असतो, सेल सोडवताना तो लॉक होऊ शकतो, आणि सेल जोडण्याचं वेल्डिंग नीट झालं नाही तर आत उष्णता साठते. हे काम येणारे कारागीर आहेत, पण कुणाला येतं ते आपल्याला बाहेरून कळत नाही.

पहिले १४ दिवस

सगळ्यात मोठी चूक मी इथे केली. दोन्ही वेळा बॅटरी बसवली, चालू झाली, खूश झाले आणि परत करण्याची मुदत निघून गेली. आता पाकीट उघडल्यापासून वही घेऊन बसते.

पहिल्या दिवशी वजन, लेबलाचा फोटो, आणि बसवल्यावर पूर्ण चार्ज करून बॅटरीचा अहवाल. फुल चार्ज कपॅसिटी डिझाइन कपॅसिटीच्या ९५ टक्क्यांच्या वर असावी. ९० च्या खाली असेल तर परत. सायकल काउंट शून्य किंवा दोन-चार. तिथे ४० दिसले तर पॅक वापरलेला आहे. काही लॅपटॉपवर हा आकडा येतच नाही, नुसती आडवी रेघ दिसते, त्यावरून काही ठरवू नका.

मग उतरण्याची चाचणी. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर ठेवून एखादा मोठा व्हिडिओ लावायचा आणि दर अर्ध्या तासाने टक्के लिहायचे. उतार साधारण सारखा हवा. माझ्या सध्याच्या बॅटरीने दर अर्ध्या तासाला १२, १३, १२, १३ असे टक्के गमावले. सात महिन्यांत गेलेल्या डुप्लिकेटवर आता तीच चाचणी केली असती तर ५८ वरून दोन मिनिटांत ४१ दिसले असते, कारण शेवटच्या महिन्यात ती रोज तेच करायची. शेवटी जड कामाची चाचणी: ३० टक्क्यांवर असताना व्हिडिओ कॉल किंवा दुसरं काही जड चालू करायचं. बंद पडला तर परत.

आणि दहाव्या-बाराव्या दिवशी पुन्हा अहवाल काढायचा. माझ्या पाच महिने चाललेल्या कंपॅटिबलचा अहवाल मी ती गेल्यावर पाहिला. डिझाइन कपॅसिटी ४७,५२० मिलिवॅट-तास आणि फुल चार्ज कपॅसिटीही ४७,५२०, पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंत, एका अंकाचाही फरक नाही, आणि सायकल काउंट ०. खरी मोजणी करणारी बॅटरी असं कधीच दाखवत नाही. दोन आठवड्यांत आकडा थोडा खाली-वर होतोच. तो गोठलेला असेल तर बोर्ड मोजतच नाही, पाठ केलेलं सांगतो, आणि मग ३४ टक्क्यांना काहीच अर्थ उरत नाही. हे मला बाराव्या दिवशी दिसू शकलं असतं.

मग घ्यायची कुठली

लॅपटॉप तीन-चार वर्षांच्या आतला असेल आणि कंपनी बॅटरी देत असेल तर ओरिजिनल, दुसरा विचार नको. बॅटरी आत चिकटवलेली असेल, पाउच सेलची असेल, व्होल्टेज ११.५५ सारखा असेल, तर मशीन जुनं असलं तरी आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. तिथे पातळ झाकणाखाली फुगायला जागा नसते, कीबोर्ड आणि टचपॅड लगेच वर असतात, आणि चूक महागात पडते.

लॅपटॉप जुना, बॅटरी बाहेरून काढता येणारी, गोल सेलची, आणि ओरिजिनलचं उत्पादन थांबलेलं, अशी माझ्यासारखी स्थिती असेल तर स्वतःच्या नावाने विकणारी, वर्षाची वॉरंटी देणारी, ताज्या तारखेची कंपॅटिबल घ्या. माझ्या सध्याच्या बॅटरीच्या विक्रेत्याला मी खरेदीआधी तीन प्रश्न विचारले: उत्पादनाची तारीख, वजन आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल. त्याने तिन्हींची उत्तरं दिली. आधीच्या दोघांना मी काही विचारलंच नव्हतं.

नवी बॅटरीही लवकर मरत असेल तर

इथे थोडं अवघड कबूल करायला हवं. दोन बॅटऱ्या खराब होत्या हे खरं, पण माझी वापरण्याची पद्धतही त्यांना मारत होती. अडॅप्टरवर असेल तेव्हा लॅपटॉप तासन्तास जोडलेला, बॅटरी १०० टक्क्यांवर, खाली मऊ उशी, आणि पंख्याच्या जाळीत चार वर्षांची धूळ. पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता एकत्र आली की लिथियम-आयन सेल सगळ्यात वेगाने झिजतो. ४५ अंशांच्या वर तर तो चार्जच करू नये. माझी मूळ बॅटरी चार वर्षं टिकली तेव्हा पंखा स्वच्छ होता, नंतरच्या दोघी धुळीच्या काळात आल्या.

चौथ्या बॅटरीच्या आधी मी पंखा उघडून साफ केला. जाळीवर पापडासारखा एकसंध थर निघाला. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट जुनी होऊन कोरडी झाली होती, ती बदलली, उशी काढली आणि चार्जिंगची मर्यादा ८० टक्के लावली. जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये ही सोय बायॉसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असते. लांब जायचं असेल त्या दिवशी १०० करते, परत आले की ८०. आणि लॅपटॉप महिनाभर बाजूला ठेवायचा असेल तर बॅटरी निम्म्यावर ठेवून, थंड जागी.

बॅटरी फुगली असेल तर वरचं काहीही करू नका

टचपॅड दाबायला कडक झाला, मधोमध उचलल्यासारखा दिसतो, झाकण नीट मिटत नाही, सपाट टेबलावर लॅपटॉप डुलतो, ही बॅटरी फुगल्याची लक्षणं. आत वायू तयार झालेला असतो. चार्जिंग लगेच थांबवा, लॅपटॉप बंद करा. कॅलिब्रेशन नाही, चाचणी नाही, ‘आणखी आठवडाभर चालवू’ नाही. टोचून हवा काढायचा विचारही नको, दाबून झाकण बसवायचंही नाही. चिकटवलेली असेल तर धातूच्या पट्टीने उचकटू नका, दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या आणि नेताना सांगा की ती फुगलेली आहे.

काढलेली कुठलीही बॅटरी, फुगलेली नसली तरी, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचरा दाबला जातो तेव्हा ती पेटू शकते. कनेक्टरवर चिकटपट्टी लावा, धातूच्या वस्तूंपासून वेगळी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. माझी २५२ ग्रॅमवाली तशीच दिली. देताना लोगोवर जाड पेनाने फुली मारली, म्हणजे ते लेबल पुन्हा कुणाच्या बॅटरीवर चिकटणार नाही.